वाडग्यांवरचं नाव

माझं माहेर खेडकडचं, शाळा सातवीपर्यंत, पण अक्षर असं की फळ्यावर सुविचार गुरुजी मलाच लिहायला लावायचे, आणि काय सांगू तुम्हाला, त्या अक्षरावरच पुढे माझं घर चाललं. लग्न होऊन भाईंदर पूर्वेला आले, आमचे हे स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशला होते. बाजारात भांड्यांचं दुकान होतं, तिथे एक म्हातारे काका भांड्यांवर नावं घालायचे, त्यांनी मला मशीन धरायला शिकवलं. म्हणायचे, पोरी, नाव समोर आलं पाहिजे, पंगतीत वाढताना दिसलं पाहिजे कुणाचं भांडं ते, आणि दोन्ही बाजूंना एकेक फूल काढ, गिऱ्हाईक खूश होतं. तशीच मी घालत आले.

मग ह्यांना खोकला लागला. पॉलिशची ती काळी धूळ, डॉक्टर म्हणाले आता पॉलिशच्या चाकावर बसायचं नाही. त्याच सुमाराला गाळ्याचे शेठ ह्यांना म्हणाले, सरकार परदेशात माल पाठवणाऱ्याला सवलत देतंय, आपण पण वाडगे पाठवतोय, तुझी बायको नाव घालते ना, तिला बोलाव. मी गेले. मनात एकच, हे काम टिकलं तर इथे राहू, नाहीतर बिऱ्हाड उचलून गावाला, आणि गावाला काय होतं, चार भिंती, त्या पण दिराच्या.

शेठनी चिठ्ठीवर इंग्रजीत लिहून दिलं, मेड इन इंडिया, सगळ्यांवर घाल म्हणाले, आणि लग्नाला सुरतेला गेले. मी चिठ्ठी बघून बघून घातलं. समोरच, ठळक, दोन्ही बाजूंना फूल. देशाचं नाव, ते काय लपवायचं, असं मला वाटलं.

शेठ आले, एक वाडगा उचलला आणि मटकन खुर्चीत बसले. अरे बाई, हे खाली तळाला घालायचं होतं, बारीक, परवा गाडी लागणार. मी म्हटलं, तुम्ही सांगितलं नाहीत. तर म्हणाले, ये भी बताना पडता है? मनात म्हटलं, झालं, आता गावाला.

तेवढ्यात रामधनी आला, हे बसायचे त्याच्या शेजारच्या चाकावरचा, वाडगा फिरवून बघितला आणि म्हणतो, भाभी, आपने तो इंडिया की शादी करा दी. सगळे हसले, मला रडू येत होतं. मग तोच शेठना म्हणाला, घिस देंगे शेठ, आज और कल. तो आणि त्याचे गाववाले बसले, नाव आणि फुलं घासून घासून काढली, वाडगे पुन्हा चमकवले. हे पण आले, तोंडाला रुमाल बांधून, चाकापासून लांब, लाकडाच्या भुशाने वाडगे पुसत राहिले, आणि मी मागोमाग तळाला बारीक घालत गेले. गाडी वेळेवर गेली.

मी शेठना विचारलं, उद्यापासून येऊ नको ना? म्हणाले, नवीन बाई आणली तर ती पण समोरच घालेल, तू आता जन्मात विसरणार नाहीस, ये.

तेव्हापासून जातेय. हे पण तिथेच पॅकिंगला बसतात, धुळीपासून लांब, खोकला कमी आहे. रामधनी मुलुखाला गेला, परत आला नाही. पौर्णिमेला बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावते तेव्हा आधी त्याचं भलं मागते, मग शेठचं. हे बाजूला उभे असतात, म्हणतात, वाडगे मी पण पुसले होते. पुसले होतेत हो, मी म्हणते, तुमचं पण भलं होवो.