सिमिली, मेटाफर आणि बत्तीस वर्षांची सवय

...नाही, मला एक सांगा, नट-बोल्ट सांभाळणाऱ्या माणसाला मेटाफर कशाला हवा? बत्तीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे मी, एक वॉशर इकडचा तिकडे झाला नाही, आणि आता म्हणे हेड स्टोअरकीपर व्हायचं तर इंग्रजीचा पेपर द्या! तीस प्रश्न! नाऊन, व्हर्ब, सिमिली, मेटाफर... अहो, ग्रीस देऊ का म्हणा, देतो!

पण तुम्हाला सांगतो, ती काचेची केबिन मला हवी होती. हवीच होती! तीन वर्षं राहिलीत निवृत्तीला, एकदा तरी हात असलेल्या खुर्चीत बसावं माणसानं... म्हणून थोरलीला म्हटलं, शिकव बाई. ती शाळेत इंग्रजी शिकवते. म्हणाली, "बाबा, एकच शब्द कधी नाऊन असतो, कधी व्हर्ब." म्हटलं, हे कसं चालेल? माझ्याकडचा नट दुपारी बोल्ट झाला तर मला घरी बसवतील!

पण लागलं हो वेड! बसवेना, उठवेना. बायको म्हणाली, "अजगरासारखे काय पडलाय?" मी उडी मारून उठलो, "सिमिली!" ती म्हणाली, "दगड आहात तुम्ही, दगड!" म्हटलं, "वा! 'सारखे' काढलंस, मेटाफर झाला!" तिनं कोपरापासून हात जोडले. कारखान्यात साहेब ओरडले, "हजार वेळा सांगितलंय तुम्हाला!" मी म्हटलं, "साहेब, हायपरबोली. प्रत्यक्षात तीनदा, नोंद आहे." आता सांगा, हे बोलायची गरज होती? नट-बोल्ट सांभाळणाऱ्या माणसाला?

त्यात आमचा लंबू. माझ्या हाताखालचा, पस्तिशीचा, उंचीला शिडी लागत नाही एवढंच कौतुक. तोही त्याच पेपरला बसलेला. रोज जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन समोर, "काका, पर्सॉनिफिकेशन म्हणजे काय हो?" मी म्हणायचो, "अरे, लेथ मशीन रुसलंय म्हणतोस ना? ते!" सगळं घोटून घेतलं त्याच्याकडून. माझाच घास गार करून!

परीक्षेचा दिवस. एक प्रश्नपत्रिका, एक उत्तराचा कागद. पहिला प्रश्न वाचला आणि काय सांगू, सगळं येत होतं! टिक, टिक, टिक... तीसच्या तीस! शेवटी झोकात सही ठोकली. वेळ संपली, ऑफिसचा कारकून कागद गोळा करत आला, "उलटे ठेवा, उलटे ठेवा..." ठेवला. घरी आलो तो छाती पुढे काढून. थोरली म्हणाली, "बाबा, कसा गेला?" म्हटलं, "हा बघ!" आणि खिशातून कागद काढला. तिनं तपासला. "बाबा, तीसही बरोबर!" माझ्या डोळ्यांत पाणी. मग तिचा चेहरा उतरला. "पण बाबा... या खुणा उत्तराच्या कागदावर करायच्या होत्या ना?"

अहो, बत्तीस वर्षं काय करतोय मी? माल येतो, दोन कागद येतात. एकावर एकेक वस्तू बघून खूण करायची, खाली सही, तो आपल्या फाइलला. दुसरा कागद ड्रायव्हरला परत. केलं! हाताला कुणी सांगितलं, की ही परीक्षा आहे आणि ट्रक आलेला नाही म्हणून? उत्तराच्या कागदावर नुसतं नाव आणि नंबर. कोरा करकरीत परत!

धावलो. चप्पल कुठली कुणाची पायात, माहीत नाही. कारकुनाला म्हटलं, "बाबा रे, पाकीट उघड!" तो थंडपणे म्हणाला, "काका, सील झालं. लाख तुम्हीच दिलीत सकाळी. एकच कांडी मिळेल म्हणालात." दाखवला त्याला घरचा कागद. म्हणाला, "सही झालेला माल बदलून देता का तुम्ही?" कधीच दिला नाही! तिथंच बाकावर बसलो आणि रडलो, लाजायचं काय त्यात. नट-बोल्ट सांभाळणाऱ्या माणसानं सवय सोडून जायचं कुठं?

निकाल लागला. मला शून्य. लंबूला सव्वीस!

बसला तो केबिनमध्ये. काल काचेवर टकटक करून मला आत बोलावलं, दार लावून घेतलं, आणि बढतीचं पत्र पुढं केलं. "काका, इंग्रजीत आहे... जरा सांगा ना, काय लिहिलंय?" वाचलं. अभिनंदन लिहिलं होतं. आणि खाली लिहिलं होतं, हाताखालच्या नापास माणसांचं इंग्रजी सुधारण्याची जबाबदारी यापुढे आपली. सांगितलं तसंच्या तसं, लपवतो कशाला!

तर उद्यापासून रोज चार वाजता लंबू माझा क्लास घेणार आहे. शिकवायला मलाच बोलावलंय.