धुरपताची गाडी

सात वर्सं, बायांनो, सात वर्सं मी वट्ट्यावर बसून ती पांढरी गाडी बघितली, पर एकदा म्हनून तिनं म्हनलं न्हाई की चल गं, तुला बी सोडते सेलूला! धुरपता म्हंजे माझी थोरली जाऊ. वालुरात आमची घरं चिकटून, मधी भिंत एकच. तिचा लेक गोपाळ गाडी काढायचा, ही पुढच्या सीटवर पदर सावरून बसायची, अन् काच खाली करून मला इचारायची, "सेलूहून काही आनायचं का गं?" काही आनायचं का! मला का पाय न्हाईत? म्हनायचे, न्हाई बाई, सगळं हाय. अन् यष्टीत उभी राहून जायचे. धुरपताच्या दारात गाडी, माझ्या दारात म्हशीचा खुटा. तुमीच सांगा, घास कसा उतरावा?

म्हनून यंदा लेकापाशी, योगीराजपाशी, हटूनच बसले. नवी झेपत न्हाई तर जुनी घे, पर घे. तो म्हने आई, जुनी गाडी म्हंजे जुगार. मी म्हनले, तुझ्या बापासंगं चाळीस वर्सं जनावरं घेतली बाजारात, एक फसलं न्हाई, तू मला फकस्त ने. नात निकिता बी आली, कारन अक्षर वाचायला कोनतरी पाहिजे की, मला तर अंगठ्यापुढं येत न्हाई.

सेलूत एक राजशेखर म्हनून जुन्या गाड्यांचा वेपारी हाय. आज्जी बसा, आज्जी च्या घ्या... तोंडात नुसती साखर. त्यानं एक लाल गाडी दाखवली. किल्ली फिरवली की सुरू, आवाज मांजर घुरघुरल्यावानी, योगीराज तिथंच इरघळला. मी आपला पुढच्या पत्र्यावर हात ठेवला तर काय, तापलेला तवा! आमी यायच्या आधीच चालवून गरम करून ठेवलेली. बाजारात म्हैस इकनारा नसतो का, धार न काढता कास तुंबवून आनतो, त्यातलीच गत. म्हनले, निवू द्या, आमाला घाई न्हाई. बसलो तासभर. मंग फिरवली किल्ली तर खॉक... खॉक... अन् मागून ह्यो निळा धूर! निकिता म्हनली आज्जी, ही तेल पितीय. म्हनले, पिनारं आपल्याला नगं.

दुसरी चंदेरी. आत बसले तर अत्तराचा वास, लग्नाच्या मांडवात बसल्यावानी. एवढं अत्तर कामून बाबा? पायाखालची चटई उचलली, तर कोपऱ्यात बारीक गाळ, आपल्या नदीकाठच्या वावरात असतो तसा. पुरात बुडालेली! राजशेखर दुसरीकडंच बघायला लागला.

अन् तिसरी... तिसरी मी लांबूनच वळखली. धुरपताची! गोपाळनं दिवाळीत नवी घेतली, अन् ही ह्याच्याकडं देऊन टाकली. योगीराजनं बी वळखली, माझा दंड धरला, चल म्हने, गाव हसंल. अन् खरंच की हो, जावंचं उतरलेलं लुगडं कोन नेसतं? मी निघाले बी. पर राजशेखरला आमचं नातं म्हाईत न्हवतं, तो मागून सुरू झाला. "आज्जी, अशी गाडी मिळायची न्हाई. एका मास्तरची हाय, रविवारीच काढायचा. चाळीस हजार किलोमीटर फकस्त. कदी खरचटली न्हाई, कदी बंद पडली न्हाई!"

मी मागं वळले. म्हनले, बस बाबा, आता तू च्या घे.

म्हनले, मागच्या दाराखाली हात फिरव, तिथं ओरखडा हाय का न्हाई? तो माझ्या म्हशीच्या शिंगाचा, त्यावरून तीन म्हैने भांडन झालं, मला कसा म्हाईत नसंल? दोन साल मागं पोळ्याच्या आदल्या दिशी ही ट्रॅक्टरच्या मागं दोरी बांधून घरी आली, क्लच गेला होता, अन् दोरी बी आमचीच होती, अजून परत दिली न्हाई. हिवाळ्यात सकाळी चालू व्हायची न्हाई, चौघं ढकलायचे, मी मोजायचे. गेल्या संक्रांतीला नवी बॅटरी घातली. पुढचे टायर औंदाचे, मागचे जुनेच. रोज सेलू, दर आठवड्याला परभनी, दर सणाला लेकीकडं नांदेड... निकिता, कर सात वर्सांची बेरीज. पोरगी मोबाईलवर करत बसली अन् म्हनली, आज्जी, हे तर लाखाच्या वर गेलं.

राजशेखरचा कप हातातच राहिला. "आज्जी, तुमाला हे सगळं..."

म्हनले, जावंची हाय माझ्या.

मंग काय, तोच म्हनला आज्जी, भाव तुमीच सांगा. अन् तवा माझ्या मनात आलं, बायांनो, की जगातल्या कुन्या गाडीचा एवढा इतिहास कुनाला म्हाईत असंल? दुसऱ्या गाड्यांनी कुनाच्या घरी काय दिवस काढले देव जाने, हिचं खाल्लेलं-पिलेलं सगळं मी बघितलंय. जळून जळून बघितलंय, पर बघितलंय. म्हनले, घे योगीराज. आधी कागद आपल्या नावावर, मंग पैसे. म्हैस घेताना बी आपून दाखल्याबिगर दावं सोडत न्हाई.

आली गाडी दारात. पूजा केली, नारळ फोडला, पुढच्या सीटवर पदर सावरून बसले. तर येशीपाशी मानसं हात करायली, "काय धुरपताबाई, कुठं निघालात?" येताना बी तेच! अन् घरी उतरले तर भिंतीवरून धुरपता, गोड आवाजात, "बरं झालं गं, घरातली चीज घरातच राहिली. तेवढी सकाळी ढकलायला मानूस लागला तर सांग." तिच्या दारात नवी उंच काळी गाडी, वरून कपडा झाकलेली, कुनाची नजर लागू नये म्हनून.

नजर कुनाची, ते म्हाईत हाय मला.

आता काय करता? धुरपताच्या दारात नवी, माझ्या दारात धुरपताची. बसले परत वट्ट्यावर. तिची नवी काल साडेनवाला निघाली, दिवस मावळता आली, चाकांना काळी माती, म्हंजे शेताकडनं गेली. परवा उताराला ब्रेक वरडला. ध्यानात ठेवायलेय सगळं... पाच-सात वर्सांनी इकतीलच की ती बी. तवर मला जगावं तर लागंल बाई, एवढं बघनारं आमच्या घरात दुसरं हाय कोन?