चार बर्थ, पाच माणसं, एक कूलर

...अन वरून मलेच इचारते, "बाबा, लडाखले कूलर कायले?" आता तुम्हीच सांगा! जूनचा महिना, घाटंजीत पारा पंचेचाळीसवर, पत्र्याची गाडी, आत माणसं झोपणार... कूलर नको? ही आमची सून, दीपा. कॉलेजात भूगोल शिकवते. म्हणते, "तिथं जूनमध्ये बी बर्फ राह्यते." म्हटलं, बर्फ बाहेर राहीन ना पोरी! गाडीत कोण आणून टाकून राह्यलं बर्फ? बसवला कूलर. नवीन जाळ्या लावून, पाण्याच्या पंपासकट. आता त्यानं एका बर्थची जागा खाल्ली, तर खाल्ली.

अन गाडी म्हणजे काय, तर शाळेची जुनी मिनीबस. सीटा काढल्या, बर्थ ठोकले, गॅस बसवला, मागं संडास. आमच्या शकुबाईनं संडास पाह्यला अन नाक मुरडलं, "अहो, चुलीपासून दोन पावलांवर?" मंग काय यवतमाळले ठेवू? बायको म्हणून ऐकून घेतलं. तुम्हाले सांगतो, बत्तीस वर्षं एसटी चालवली म्या, एक अपघात नाही. पण सारी सपाट! घाटंजी ते राळेगाव, राळेगाव ते घाटंजी. सर्वात उंच काय चढलो, तर स्पीडब्रेकर. मरायच्या आधी एक डाव खऱ्या घाटात स्टेअरिंग फिरवायचं होतं मले... साडेसतरा हजार फुटांवर, एका बाजूले पहाड, एका बाजूले काहीच नाही. बाकी काही मागितलं नाही जिंदगीत.

थांबा, दम घेऊ द्या.

हां. तर बर्थ झाले चार अन माणसं पाच! मी ड्रायव्हर. शकुबाई स्वयंपाकाले. पोरगा अश्वजित अन दीपा, तिच्याच मोबाइलमध्ये रस्ते हायत. पाचवा रामलाल. हा माह्या गाडीचा कंडक्टर, बावीस वर्षं माह्या पाठीमागं घंटी वाजवली यानं. आता टेलरकाम करते. गाडीचे पडदे, गाद्या, रेक्झिन, सारं त्यानंच शिवलं, चार महिने खपून. पण शिवलं म्हणून का पहाडावर न्यायचं? नवरदेवाचा कोट शिवला म्हणून टेलरले कोणी घोड्यावर बसवते काय?

मंग म्या नियम काढला. कोरोनातलं ते बोटाले लावायचं मशीन पडलं होतं घरी, ऑक्सिजन मोजायचं. म्हटलं, गावाच्या पाण्याच्या टाकीवर चढायचं, शहाण्णव पायऱ्या, खाली यायचं, बोट पुढं करायचं. चौऱ्याण्णवच्या खाली आला तो घरी. पहाड कोणाचे लाड करत नाही!

शकुबाई चढली. गुडघे धरून, माह्या खानदानाचा उद्धार करत उतरली... सत्त्याण्णव! जिंदगीभर चुलीत फुंकून फुंकून छाती कमावली बाईनं. पोरगा, सून, दोघंही पास. रामलाल चढला. दम्याचा माणूस, पंप खिशात ठेवून चढला लेकाचा. पंच्याण्णव! म्हटलं, मशीन तापलं असन, पुन्हा चढ. पुन्हा चढला. चौऱ्याण्णव! मंग दुसऱ्या दिवशी म्या त्याच्या हातात पाण्याची वीस लिटरची कॅन देल्ली. "उस्ताद, कॅन कायले?" म्हणे. म्हटलं, तिथं सामान काय तुझा बाप उचलणार हाय? आला खाली. ओठ पांढरे, आकडा एक्याण्णव. म्हटलं, बस! पहाड कोणाचे लाड करत नाही, रामलाल! कॅन खाली ठेवली त्यानं. बसला जाऊन गाडीत, राह्यलेला पडदा शिवाले.

अन तुम्ही म्हणान, तुमचा आकडा किती होता, उकंडभाऊ?

बाप्पा! ड्रायव्हरले कोणी तपासते काय? ...बरं, सांगतो आता, लपवून काय फायदा. रामलालच्या दोन चकरा झाल्या त्या दिवशी मी मशीन घेऊन न्हाणीत गेलतो. पायऱ्या नाही, टाकी नाही, नुसता पाटावर बसलो. अठ्ठ्याऐंशी! म्हटलं, सेल गेले. सेल बदलले. सत्त्याऐंशी! बिड्या काय कमी ओढल्या स्टेअरिंगवर? घाबरलो, खरं सांगतो. इतका घाबरलो, इतका घाबरलो, का दुसऱ्या दिवशी रामलालच्या हातात कॅन देल्ली.

निघायचा दिवस उजाडला. स्टँडवर कोण गर्दी! जुने ड्रायव्हर, कंडक्टर, चहावाला, साऱ्यांनी हार घातले, जय भीम झालं, म्या बी लहानसं भाषण ठोकलं, "पहाड कोणाचे लाड करत नाही!" टाळ्या! रामलाल म्हणे, "उस्ताद, यवतमाळपर्यंत येतो. तिथून एसटीनं वापस." म्हटलं, चाल, पण बर्थवर नको बसू, नवीन हायत. त्यानंच शिवलेल्या गादीच्या बाजूले, खाली पत्र्यावर बसला तो.

पंधरा किलोमीटर नाही झाले तं टायर बसला. अश्वजित उतरून राह्यलता, म्हटलं सरक, तुले पाना कोणता ते समजते काय? म्या जॅक लावला, नट सोडवले, स्टेपनी उचलली... अन तुम्हाले सांगतो, डोळ्यांपुढं सारे काजवे! बसलो धाडकन मातीत. तोंड उघडं, हवा आत जाईच ना. रामलाल धावत आला. माह्या मानेतले हार काढले, आपला पंप माह्या तोंडात धरला, अन मंग... मंग माह्याच खिशातून ते मशीन काढून माह्या बोटाले लावलं.

दीपानं वाचलं, "एक्क्याऐंशी."

म्हटलं, मशीन खराब हाय. रामलालनं आपल्या बोटाले लावलं. शहाण्णव! शकुबाई माह्याकडं पाहून, एकदम शांत, "अहो, पहाड कोणाचे लाड करत नाही म्हणता ना?" चाळीस वर्षांचा संसार, अन बाई हसली बी नाही! पोरगं म्हणते, "बाबा, नियम तुमचाच हाय. दवाखान्यात दाखवू अन मी घरी सोडून देतो." म्हटलं, गावात सोडशीन? हार घालून निघालेला माणूस अर्ध्या घंट्यात वापस? मी जातो आपला आपला! मंग दीपा जवळ आली, प्रेमानं बोलली, "बाबा, एक सांगू? जातच हायत, तं कूलर बी घेऊन जा."

गाडीतून दोन जिनसा उतरल्या, कूलर अन मी. अश्वजित स्टेअरिंगवर, रामलाल माह्या बर्थवर. दुपट्ट्यानं तोंड बांधून एसटीत चढलो, कूलर मागच्या सीटवर. पोट्टा कंडक्टर म्हणते, "काका, याचं बी तिकीट लागन." बत्तीस वर्षं झाले खात्यात, पण ओळख कशी देऊ?

तेव्हापासून घरात. दवाखाना म्हटलं मंग पाहू. समोरच्या दाराले बाहेरून कुलूप, मी मागच्या दारानं आत. खिडक्या बंद, पारा पंचेचाळीस. कूलर तं होता, पण लावू कसा? घर्र आवाज करते तो, सारी गल्ली गोळा होईन! उघड्या अंगानं फरशीवर पडून राह्यलो, आठ दिवस. शकुबाईचा फोन आला. "इथं थंडी फार हाय हो, तुम्ही नाही आले ते बरं झालं." दीपा म्हणे, वर साऱ्यांचेच आकडे ऐंशीवर आले. मंग म्या काय वाईट होतो? फोन ठेवला तिनं.

नवव्या दिवशी फोटो. घाटाच्या पाटीखाली चौघं, मागं बर्फ, मधात रामलाल, माही कानटोपी घालून, दात काढून! दीपानं स्टेटसवर टाकला, अख्ख्या घाटंजीनं पाह्यला. म्या बी पाह्यला अन मले खोकला आला. येऊ नये तवा येतेच तो. शेजारच्या हंसाबाईनं मागचं दार वाजवलं, "उकंडभाऊ? आत हायत काय तुम्ही? अन फोटोत काहून नाही दिसून राह्यले?"

काय सांगू तिले? दारामागं उभा राह्यलो, घाम पुसला, दम घेतला, अन आतूनच म्हटलं, "कसा दिसन, हंसाबाई... तो फोटो मीच काढून राह्यलो ना!"