उजवा दिवा

पंक्चर निघेपर्यंत शिक्षिकाबाई गॅरेजच्या बाकावर वह्या तपासत बसल्या होत्या. समोर एक म्हातारे गृहस्थ बायकोला घेऊन मेकॅनिकला आपली जुनी मोटार दाखवायला आले होते.

“बल्ब बदलला, वायरी बदलल्या, तरी उजवा दिवा मध्येच जातो.”

“खड्ड्यात आपटली की जातो का, काका?”

“कुठेही जातो. त्याच्या मनात आलं की जातो.”

“सूनबाई चालवतात तेव्हा?”

“तिला बरा घाबरतो. तेव्हा एकदाही गेला नाही.”

मेकॅनिकने शटर ओढून अंधार केला, गाडीचे दिवे लावले. भिंतीवर उजेडाचे दोन गोल पडले.

“भिंतीकडे बघत राहा, काका. गेला की सांगा.”

“आहे. आहे. अजून आहे. हा बघ, गेला. घरात कुणी माझं ऐकेल तर शपथ.”

बाकावरून बाईंनीही भिंतीकडे पाहिलं. त्यांना दोन्ही गोल दिसत होते.

मेकॅनिकने एकवार काकूंकडे पाहिलं.

“बरोबर आहे तुमचं, काका. एक पार्ट मागवावा लागेल. तोवर गाडी इथेच राहू द्या.”

“किती दिवस लागतील?” काकूंनी विचारलं.

“तुम्ही सांगाल तेवढे, काकू.”