दोनातली एक वायर

चार वाजून दहा मिनिटांनी. संध्याकाळी. एवढं नेमकं सांगते कारण आमच्या तान्ह्या कीर्तीची दुधाची बाटली चारची असते, आणि मला दहा मिनिटं उशीर झालेला. तर चार दहाला मी वायर काढली. एकच. दोनातली एक. आणि मदुरैपासून सेलमपर्यंत नऊ गावांतली कामं ठप्प. आता बोला.

तुम्हाला सांगते, मी जाणारच नव्हते. आठ महिन्यांचं पोर घेऊन, चेन्नईच्या गर्दीत वेलचेरीहून नुंगंबाक्कमला, शेअर ऑटोत परक्या माणसाच्या अर्ध्या मांडीवर बसून, कोण जाईल? पण ह्यांच्या कंपनीत आयुधपूजा. इकडे त्याचं फार. पान्यापासून लॉरीपर्यंत सगळ्याला गंधकुंकू. आणि ह्यांचे साहेब बालाजीराव, तंजावरकडचे मराठी, त्यांचा नेम असा की पूजा झाली की बायकामुलांसमोर ताटातून परमनंटची पत्रं द्यायची. त्या ताटात, चुरमुऱ्यांच्या पुड्यांशेजारी, ह्यांचं पाकीट होतं. ‘गजेंद्र’ लिहिलेलं मी वाचलं. तीन वर्षं वाट बघितली हो त्या पाकिटाची. मग जाऊ नको?

कंपनी पार्सलची. कुठलं पार्सल कुठे पोचलं ते सगळं एका मशीनच्या पोटात. सर्व्हर म्हणतात त्याला. त्याला सांभाळायचं काम ह्यांचं. त्याची खोली अशी गार की मी कीर्तीला दोन टोपडी घातली. पूजा झाली, सगळे कोहळा फोडायला खाली गेटपाशी गेले, मी वरच राहिले. पोरगी रडून लाल. दुधाला गरम पाणी हवं, किटली माझ्या पिशवीत, आणि भिंतीला एक प्लग रिकामा नाही. बघते तर त्या एका मशीनला दोन वायरी. आता आमच्या फ्रिजला एक, मिक्सरला एक, ह्यालाच दोन कशाला? असेल एखादी जास्तीची. ओढली.

किटली अजून लावलीसुद्धा नव्हती, आणि मशीन ऊं... करून गप्प. इतकी शांतता की कीर्तीपण रडायची थांबली.

मग फोन. एक, दोन, सगळेच. जिन्यावरून धावत हे आले, शर्टावर कोहळ्याचं बी. माझ्या हातातली वायर बघितली आणि तोंडचं पाणीच पळालं. मागून बालाजीराव.

“कोण काढलं? कोण काढलं म्हणून विचारतो मी.”

“माझा हात लागला, साहेब,” हे म्हणाले.

लग्नाला चार वर्षं झाली, माझ्यासाठी भाजी कधी चिरली नाही ह्या माणसाने. साहेबांनी शेजारच्या ताटातलं पाकीट उचललं आणि खिशात घातलं. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “मी काढली, साहेब. एकच. दोनातली एक.”

“एकच?” साहेब थांबले. “एक गेली तर दुसरी भार ओढेल म्हणून ना दोन ठेवलो आपण? मग दुसरी काय करत होती, गजेंद्र?”

ह्यांनी वायर लावली, मशीन चालू केलं आणि कागद घेऊन हिशेब मांडला. मला नंतर समजावलं ते असं. दोन बायकांनी मिळून हंडा धरलाय. एकीने सोडला तर दुसरीला पूर्ण पेलला पाहिजे, म्हणूनच दोघी. पण गेली दोन वर्षं त्या मशीनमध्ये आज हे बसव, उद्या ते बसव, हंडा भरतच गेला. एकीला पाचशे वॅट पेलतात आणि हंडा झाला सव्वासहाशेचा. दोघी होत्या म्हणून कुणाला कळलं नाही.

“रोज बघायचं काम कुणाचं होतं?” साहेब. ह्यांनी मान खाली घालून रजिस्टर पुढे केलं. रोज सकाळी मशीनमागच्या दिव्यांची एकच ओळ: ‘दोन्ही दिवे हिरवे’. वजन किती, म्हणजे किती वॅट ओढतंय, ते एकदाही नाही. मला वाटलं संपलं, आता सामान बांधा. साहेब पानं उलटतायत, उलटतायत... आणि मध्येच हात थांबला. कारण प्रत्येक ओळीखाली, ‘तपासले’ म्हणून, सही त्यांची.

त्यांनी चष्मा पुसला. मग पाकीट खिशातून निघून ताटात आलं. “सरी, सरी,” म्हणाले, म्हणजे ठीक आहे. “पूजा पुरी करूया.”

आता रोज वजन लिहितात. वायरी ज्या डब्यांत जातात ते पॉवर सप्लाय मोठे बसवले. आणि नियम काढलाय: दर तीन महिन्यांनी एक वायर मुद्दाम ओढून बघायची, दुसरी पेलते का. छान नियम. पण ओढणार कोण? एवढे शिकलेले इंजिनिअर, प्लगपाशी गेले की हात खिशात घालतात. मशीन बंद पडलं तर नाव कुणाचं? मग फोन येतो. “अम्मा, जरा येऊन जाल का?” सातवी शिकलेली बाई, काखेत पोर, शेअर ऑटोने जाते, वायर ओढते, परत येते. ऑटोचे पैसेसुद्धा माझेच.

तर तुमच्या ओळखीत कुणाकडे असं दोन वायरींचं मशीन असेल तर एवढं सांगा त्यांना. दिव्याचा रंग बघू नका, वजन बघा, आणि कधीतरी एक वायर ओढून बघा. फक्त आपली आपण ओढा म्हणावं. माझा नंबर देऊ नका.