गाण्यांचा मालक

घशाच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारच्या बाकावर एक सासू आणि मांडीवर लॅपटॉप घेतलेली तिची सून बसली होती. आत सासऱ्यांची तपासणी चालली होती.

“ऑपरेशनच्या आधी यांनी स्वतःच्या आवाजात गाणी भरून ठेवली, आणि कुलूप मलाच! उघडायला गेलं की ‘परवानगी नाही’ म्हणतंय मेलं. केव्हाचं मनाला लागलंय माझ्या.”

“आई, बाबांनी नाही हो घातलं कुलूप. ती माझी करामत. जुन्या मशीनवरून फोल्डर आणताना मी रूट होऊन कॉपी केला. मग सगळ्या गाण्यांचा मालक रूटच झाला.”

“हा कोण आणखी?”

“मशीनचा कारभारी. आता बाबांनासुद्धा उघडत नाहीत ती.”

“अगं बाई! आणि मी त्यांच्याशी धड बोलत नव्हते. बिचाऱ्यांना उलट बोलायलाही आवाज नाही.”

“थांबा, मालकी बदलते. तुमच्या नावावर करू?”

“छे गं! गाणी त्यांची, नावही त्यांचंच घाल. मला ऐकण्यापुरती परवानगी दे.”

“आणि नवं काही भरायची?”

“ती त्यांच्याकडेच राहू दे. पुन्हा कंठ फुटला की भरतील ते.”