मर्यादवेल आणि मितेशची हळद

...नाय, तुमीच सांगा, मी काय चुकीचं बोललो? एका दिवसासाठी कुंपन काढनार नाय, एवढंच बोललो ना सख्ख्या भावाला? तर अख्खा गाव माझ्यावर उठला. मर्याद नको का मानसाला?

तुमाला सांगतो, उरनच्या बाजूला आमचा गाव. जोतीरामदादाच्या, म्हंजे माझ्या थोरल्या भावाच्या, घरासमोर वाळूची टेकडी व्हती, तिच्यावर जांभळ्या फुलांची मर्यादवेल. वेल वाळू धरायची, टेकडी दर्या धरायची. पन आमा आगऱ्यांची हळद म्हंजे लग्नाच्या वरताण. दादाच्या केतनच्या हळदीला मांडव मावंना, लावला जेसीबी, टेकडी सपाट, वर डीजे... आन त्याच पावसात उधान आलं ते थेट भागीरथीवहिनीच्या चुलीपाशी. घरची बाव, म्हंजे विहीर, खारट झाली ती झालीच. वहिनी टँकरच्या पान्याचा चहा करायची, मला घोट उतरायचा नाय, खोटं नाय सांगत.

मग किनारा वाचवनाऱ्या संस्थेच्या, कोपरखैरण्याच्या क्रांती मॅडम आल्या. बांबूचं कुंपन घातलं, वाऱ्याची वाळू तिथंच अडते, वर परत वेल लावली. राखनीला मी. शिट्टी मारली की रविवारची पब्लिक म्हनते, "अंकल, एकच सेल्फी." अरे, एवढा किनारा पडलाय, तुला वेलीवरच चढायचंय? मर्याद नको का मानसाला?

टेकडी कशीबशी कमरेला आली, आन दादा आला. "नामा, मितेशची हळद हाय. कुंपन काढ, मागनं परत लाव." म्हटलं, दादा, वाळू काय खुर्ची हाय, उचलली आन परत ठेवली? तर म्हनतो, "केतनची इथं झाली, मितेश काय सावत्र हाय?"

वहिनी दारात उभी. म्हटलं, पानी हिच्या चुलीत शिरलं, ही तरी बोलेल. ती म्हनते, "भावजी, लोक काय म्हनतील?"

नाय काढलं. हळद करंजाड्याला हॉलवर झाली. मला, सख्ख्या काकाला, बोलावनं नाय. आमच्यात याच्यापेक्षा मयताला नाय सांगितलं तर चालतं... जाऊ दे. बसलो टेकडीपाशी, एकटाच. लागलं मनाला.

यंदा पावसात मोठं उधान आलं. टेकडीपर्यंत आलं, थोडी वाळू खाल्ली, मागं फिरलं. वहिनीची चूल कोरडी. दर्या आता त्या घरात जात नाय.

मी पन नाय.